आईचं अनेकवचन

इंग्रजी अनेकवचनं शिकवण्यात इंदुरात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मीच सांगून टाकते. भंवरकुआंच्या कोचिंगांच्या गर्दीत माझा एका खोलीचा वर्ग उगाच टिकलेला नाही. आपली माणसं कुठे घसरतात ते मला पाठ आहे. दुकानदार 'एक लेडीज आली होती' म्हणतो, बुटांचे 'शूजेस' होतात, मुलांचे 'चिल्ड्रन्स'. "चाइल्डचं चिल्ड्रन झालं, आता त्यांना आणखी पोरं नकोत," असं मी दरडावते. वर्ग हसतो आणि ती चूक बहुधा पुन्हा होत नाही.

एक चूक मात्र खास मराठी घरांतली. ती केली खजरान्याहून येणाऱ्या एका मुलीनं. मुलगी म्हणजे तिशीची बाई, चांगली शिकलेली. एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. वडील ती लहान असतानाच गेले. आईनं ब्लाउज शिवून तिला वाढवलं, आणि आता आईला सुईत दोरा ओवता येईना, तरी मशीन चालूच. "नोकरी लागली की त्याच दिवशी मशीन बंद, मॅडमजी," ती म्हणाली. "नाहीतर तिची नजर पूरी जाईल."

मी तिला घरच्यांची ओळख इंग्रजीत करून द्यायला सांगितली.

"माय फादर वेअर अ क्लार्क. माय मदर इज अ टेलर."

"फादर किती होते तुला?"

"एकच," ती ओशाळून म्हणाली. "पण बाबांना 'वॉज' म्हटलं ना, तर 'होता' म्हटल्यासारखं लगता है. बाबा 'होते'."

खरं सांगते, मला हसू आलं आणि तिच्याबद्दल मायाही वाटली. आपल्याकडे बाबा येतात, आई येते. सासूला आई म्हणा, त्या 'येतात'; जिनं जन्म दिला ती मात्र 'येते'. माझी आई माझ्याकडेच राहते, तिलाही मी जन्मभर 'तू'च म्हणत आले. त्यात वाईट काही नाही, जवळच्या माणसाला कोण आहो-जाहो करतं? पण इंग्रजीत ही सोयच नाही, हे मी तिला ठणकावून सांगितलं. तिथे राष्ट्रपतींनाही 'इज'च.

"म्हणजे इंग्रजीत बाबा आणि आई बराबर?"

"एकदम बराबर."

'बराबर,' ती स्वतःशीच पुटपुटली. मग 'माय फादर वॉज' इतक्या वेळा घोकलं की शेवटी माझेच कान किटले.

मुलाखतीहून ती थेट माझ्या वर्गावर आली. मुलं जायची होती, तिला दम धरवेना. डेमोचा तास छान झाला होता म्हणे. 'नाइफ'चं 'नाइव्ह्ज' करताना तिनं फळ्यावर सुरी काढून 'एफ' कापून दाखवला, पोरं खूश. मग प्रिन्सिपल मॅडमनी घरी कोण कोण असतं ते विचारलं.

"फादरचं बरोबर सांगितलंस ना?"

"वॉज. पक्का वॉज."

"आणि आई?"

"माय मदर आर अ टेलर."

मी कपाळावर हात मारला.

"त्यांनी परत विचारलं, 'इज' ना? मी परत 'आर'च म्हटलं."

"मुद्दाम?"

"पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं. दुसऱ्यांदा मुद्दाम."

माझा पारा चढला. एवढी मेहनत, दारात आलेली नोकरी, घरी आई डोळे फोडून शिवतेय, आणि ही बया एका क्रियापदासाठी अडून बसते! मी तिला भर वर्गात वाट्टेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबांचं अनेकवचन तुम्ही काढून घेतलंत ना, मॅडमजी," ती म्हणाली. "रिकामंच पडलं होतं. आईला देऊन टाकलं. मॅडमनाही हेच सांगितलं."

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, वर्गात असं शिकवायचं नाही. सोमवारपासून या."

मला इतका आनंद झाला की तिला मिठी मारताना हातातला खडू तिच्या साडीला पुसला गेला. तरी जाता जाता 'मदर इज' दहा वेळा म्हणवून घेतलंच. ते माझं कामच आहे.

घरी पोचले तेव्हा आई पलंगावर बसून मटार सोलत होती. चपला काढता काढता मी विचारलं, "आई, चहा घेतलात का?"

आईनं मान उंच करून माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"कोण आलंय गं तुझ्याबरोबर?"