फोटोबाहेरचा हवालदार

अन्याय झाला तो आमच्या हवालदारावर. सत्तेचाळीस साली, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना, साताऱ्याच्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत. मी साक्षीदार आहे. थोडा गुन्हेगारही आहे, ते पुढं येईलच.

हवालदार जतकडच्या मेंढपाळ घरातला. लढाईभर लष्करात लॉरी हाकली आणि परत आल्यावर सातारा-सांगली मालाची लॉरी धरली, पगारावर. सांगलीच्या छापखान्यातून माझ्या सरकारविरोधी पत्रकांचे गठ्ठे त्याच लॉरीतून यायचे, गठ्ठ्यांवर बसून मी. एकदा त्यानं एक पत्रक मोठ्यानं वाचायला लावलं. मी जोशात वाचलं. तो म्हणाला, "लय शिव्या घातल्यास गड्या. पन वाचनाऱ्यानं आता करायचं काय, त्ये कुठं लिवलंय?" कुठंच लिहिलं नव्हतं.

तर शर्यत. मोटारवाल्या हौशी मंडळींच्या एका क्लबानं ती काढली होती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत सातारा ते मिरज आणि परत. वेगाला बक्षीस नव्हतं. त्या रस्त्यावर, त्या टायरांवर, गाडी संध्याकाळी आपल्या चाकांनी परत आली हेच बक्षीस. नियम एकच कडक: स्टिअरिंगचं चाक हौशी माणसाच्याच हातात. पगारी ड्रायव्हरनं शेजारी मेकॅनिक म्हणून बसावं, चाकाला हात लावू नये. आता हौशी म्हणजे कोण? ज्याला गाडी नीट चालवता येत नाही तो. त्या व्याख्येत मी चपखल बसत होतो.

गाडी माझ्या डॉक्टर चुलत्यांची. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून गोठ्यात पडली होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत. हवालदारानं लष्करी भंगारातले भाग आणून दोन महिन्यांच्या रविवारांत तिला उठवली. मी विचारलं, "हवालदार, तुम्हाला काय द्यायचं?"

"मला काय नगं. गाडीजवळ हुबा ऱ्हाऊन येक फोटू. लढाईत समद्यांचं फोटू निघालं, मी कायम लॉरीखाली. आईला वाटतंय, ल्योक मेंढरं सोडून गेला त्यो कुनाच्या तरी दारात झाडलोट करतोय. गाडी माझी न्हाई, खरं हाय. पन ती चालती माझ्या हातानं, येवढं तिला दिसू दे."

मी म्हटलं, दिला शब्द.

त्या दिवशी तो माझ्या शेजारी हात मांडीवर दाबून बसला होता. हातांना बंदी होती, पायांना नव्हती. मी ब्रेकला उशीर केला की त्याचा पाय आपोआप पुढचा पत्रा दाबायचा. गिअर कुरकुरला की तो डोळे मिटून घ्यायचा, दात दुखत असल्यासारखा. "आरं, तिला इचारून टाक की गिअर! इंजान सांगतंय, तू आईकत न्हाईस. भाषान द्यायची सवय तुला, आईकायची न्हाई." कराडच्या अलीकडं समोर बैलगाडी आली, तेव्हा तर त्यानं देवाचं नाव घेतलं. बैलांसाठी घेतलं, असं नंतर म्हणाला.

मिरजेपर्यंत निभावलं. तिथून वळलो आणि सांगलीत शिरताना रेडिएटर गळायला लागला. मागं पाण्याची रेघ. मला वाटलं, संपलं. हवालदार म्हणाला, "हळदीच्या पेठंकडं घे." हळद दळायच्या गिरणीच्या दारात त्याच्या ओळखीचा हमाल होता. त्याच्याकडून ओंजळभर हळदपूड आणून त्यानं ती रेडिएटरमध्ये ओतायला झाकण उघडलं. सांगलीचे ड्रायव्हर असंच करतात: पूड पाण्यात फुगते आणि चिरेत जाऊन बसते. पण घाईत त्यानं वाफ निवायची वाट बघितली नाही. हळद आत गेली तेवढीच भसकन बाहेर आली. बॉनेट पिवळं, काच पिवळी, तो पिवळा, मी पिवळा. गळती मात्र थांबली.

त्या अवतारात आष्ट्यात पोचलो तर रस्त्यात बायका आडव्या. हळद लागलेली गाडी, हळद लागलेला तरुण. दुसरा अर्थ कोण काढणार?

"आगं बया, नवरदेव! वरात कुठाय वं?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. हवालदारानं कोपर मारलं. "वरात मागनं येतीया! नवऱ्याचं लगीन टळतंय, आदी गाडीला पानी घाला!"

चार घागरी आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लागलं, हातात गुळाचा खडा आला. एक म्हातारी हवालदाराला म्हणाली, "पोरगं लय वाळलंय. पोरीच्या बापानं बघितलंय न्हवं?" तो म्हणाला, "अंधारात दावलंय." मागून क्लबाच्या कोणा बड्या मेंबराची लांबलचक गाडी आली, ती गावानं वरात समजून अडवली आणि वाजंत्री कुठाय म्हणून धरली. आम्ही कराडपर्यंत हसत होतो. असा दिवस मला पुन्हा मिळालेला नाही.

मावळायच्या आत मैदानावर पोचलो. धडपणी परतलेल्या गाड्या चारच, त्यांत आमची एक. हवालदारानं तोंड पुसलं, खिशातली लष्करी टोपी काढून घातली आणि मडगार्डवर हात ठेवून ताठ उभा राहिला. हात पुसायचे राहिलेच. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला. तेव्हा फोटो काचेवर निघायचे; एक काच घेतली गेली. आणि तेवढ्यात क्लबाचे चिटणीस आले.

"हा पगारी माणूस ना? हौशींच्या फोटोत नको. पुन्हा घ्या."

हवालदार "जी साब" म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला. कवायतीत सरतात तसा.

आणि मी? ज्यानं कलेक्टरापासून सगळ्यांना पत्रकांतून झोडपलं, तो मी गळ्यात हार घालून गप्प उभा राहिलो. दुसरा फोटो निघाला. तोच आज क्लबात लागला आहे. त्यात मी आहे, चिटणीस आहेत, आणि मडगार्डवर हळदीच्या पाच बोटांचा ठसा आहे. माणूस नाही.

परतताना मी तावातावानं बोलायला लागलो. हवालदार म्हणाला, "आता कशाला? तवा बोलायचं हुतं." मग म्हणाला, "जाऊ दे रं. चल, हळद मुरायच्या आत गाडी धुवायला पायजे." मला रडू आलं ते त्यानं डोळ्यांत धूळ गेली असं समजून घेतलं.

गेल्या दिवाळीत त्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या आईच्या डोळ्यांत फुलं पडलीत. चेहरा अगदी जवळ आणला तर ओळखते. तिनं माझा चेहरा तसा जवळ ओढला आणि विचारलं, "तूच व्हय त्यो गाडीवाला? फोटू आनलास का रं?"

हवालदार शेजारी उभा होता. मी पुन्हा गप्प.

ती पहिली काच फुटलेली नाही. फोटोग्राफरला जाऊन विचारलं. तो म्हणतो, त्या दिवसाच्या सगळ्या काचा एका पेटीत घालून क्लबाच्या मेंबरांना दिल्या, त्यांनी त्या आपसात वाटून नेल्या. म्हणजे ती साताऱ्यात नाहीतर सांगलीत कोणाच्या तरी कपाटात पडली आहे. वाचणाऱ्यानं करायचं काय, ते या वेळी लिहितो. तुमच्या घरातलं कोणी त्या क्लबात असेल तर आज कपाट उघडा. काचा एकेक करून उजेडात धरा. मडगार्डवर हात ठेवलेला, टोपी घातलेला माणूस दिसला की छापून घ्या, मोठा छापा, आणि सांगलीच्या हळदपेठेत कुठल्याही लॉरीवाल्याच्या हाती द्या. "हवालदाराचा" एवढं म्हणालात की पुरे. म्हातारीला अजून थोडं दिसतंय. उद्यावर टाकू नका.