ओट्यावरचं वाडगं

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. मुरबाडच्या शाळेत मास्तर झालो आणि पहिल्याच पावसाळ्यात कावीळ घेऊन किन्हवलीजवळच्या आमच्या गावी परतलो. कावीळ उतरल्यावर शहापूरच्या डॉक्टरांनी दूध-माल्टच्या पावडरीचा डबा लिहून दिला. म्हणाले, "दुपारी जेवणाऐवजी ही पाण्यातून घ्या. संध्याकाळी मात्र भात, वरण, पालेभाजी पोटभर. नुसत्या डब्यावर माणूस उभा राहत नाही."

पेलाभर पाण्याला जेवण म्हणणं आईला पटेना. ती पावडर पेज प्यायच्या वाडग्यात पाण्यात कालवायची. मी ते वाडगं घेऊन ऐटीत ओट्यावर बसायचो, मांडीवर पुस्तक.

श्रावण होता. जुना तांदूळ संपत आलेला, नवं पीक शेतात उभं. अशा दिवसांत भरदुपारी पेज पिणाऱ्या घरातलं धान्य संपलं, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही. गाव ओळखतं.

एका दुपारी पाड्यावरची बाई अंगणात आली. दरसाल आमच्या आवणीला, भात लावायला येणारी. पदराखालचं सूप तिनं आईपुढे ठेवलं. सुपात तांदूळ.

"ह्ये कशाला गो?" आईनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. मास्तर रोज पेजेवर हाय, बघते ना मी."

"पेज नाय गो ती! डाक्टरची पावडर हाय."

"बरं, पावडर तर पावडर," बाई हसली. "आमी काय पेज पीत नाय? माझ्यापासून कशाला लपवतंस?"

आई जितकं समजावी, तितकी ती मान हलवी. आमची भातशेती, आमचं नाव, सगळं त्या सुपात पडलं होतं. तांदूळही मी ओळखला. आवणीच्या मजुरीला आम्हीच दिलेला, तिनं पोटाला चिमटा घेऊन राखलेला.

मी आईच्या कानाशी लागलो, "परत कर."

"तोंडावर परत करू? तिला काय वाटंल?" आईनं दोन्ही हातांनी सूप उचललं. रिकामं परत देताना त्यात आमच्या वेलीची काकडी ठेवली.

संध्याकाळी आईनं तोच तांदूळ शिजवला आणि मुद्दाम माझं ताट ओट्यावर मांडलं. "घे रे आणखी!" ती रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडत होती. मी मान खाली घालून भात चिवडत होतो.

तेवढ्यात लाकडाची मोळी घेऊन ती बाई रस्त्यानं चालली होती. थांबली, ताट बघून खुलली.

"जेव रे मास्तर, जेव. लाजू नको."