बर्फवाले सर

आमचे सर कुणावर ओरडले असं कधी झालं नाही. ज्याला सोलून काढायचं त्याच्याशी ते इतक्या अदबीने बोलत की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटावं, कौतुक चाललंय. "बाई, तुम्ही फार हुशार आहात. फक्त प्रयोगशाळेत येऊ नका," हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. वर माझ्यासाठी चहा मागवला.

अंबरनाथच्या एका औषध कंपनीत संशोधन विभाग होता, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सर तिथले प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. पाठीमागे सगळे त्यांना बर्फवाले सर म्हणायचे. पेशी फोडल्या की आतली प्रथिनं उबेत खराब होतात, त्यामुळे आमचं सगळं काम बर्फात चाले. तो बर्फ मी उल्हासनगरहून, आम्ही राहायचो त्या कॅम्पातल्या एका सिंध्याच्या बर्फ कारखान्यातून, गोणपाटात गुंडाळून रिक्षाने आणायची. मालक विचारायचा, "दीदी, इतना बरफ? शादी है क्या?" सर रोज सकाळी प्रत्येकाच्या बादलीत हात घालून बघत. बर्फाचं पाणी झालेलं दिसलं की त्या दिवसाच्या नळ्या सिंकमध्ये ओतायला लावत, आणि ओतायच्या आपल्याच हाताने.

पण त्यांचा स्वतःचा हात! असा हात मी पुन्हा पाहिला नाही. उंदराच्या मादीचं गर्भाशय काचेच्या नळीत घालून काचेच्याच दांड्याने वाटायचं, पेशी फुटावी पण तिच्यातलं केंद्रक फुटू नये, इतपतच. "दहा फेरे, बाई. अकरावा अहंकाराचा," असं ते म्हणायचे. एकदा नळी माझ्या हातात फुटली आणि बोट चिरलं. सरांनी स्वतः पट्टी बांधली, मला स्टुलावर बसवलं आणि माझं उरलेलं काम सहा तास उभं राहून पुरं केलं. मग म्हणाले, "रक्त नमुन्यात पडलं नाही ना?" मला त्याचंही कौतुक वाटलं. मेलं, त्या वयात कशाचंही वाटतं.

आमचा विषय असा. हार्मोनला ओळखणारं एक प्रथिन पेशीत असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. तेव्हा सगळे मानत की हा रिसेप्टर केंद्रकाच्या बाहेर राहतो, आणि हार्मोन आला की त्याचा हात धरून आत जातो. "बाहेर माहेर, आत सासर," असं सर नव्या मुलींना समजावत. तपासायची रीत सोपी होती. बफर म्हणजे क्षाराचं पाणी घालून पेशी वाटायच्या आणि मशीनवर फिरवायच्या. केंद्रकं तळाशी बसतात, बाकीचं वरच्या पाण्यात राहतं. हार्मोन न दिलेल्या मादीत रिसेप्टर नेहमी वरच्या पाण्यात सापडे. सरांची सतरा वर्षं आणि सगळं नाव त्याच्यावर उभं होतं.

माझ्या चौथ्या वर्षी एमआयडीसीचं पाणी आठवडाभर गेलं. डिस्टिल्ड वॉटर बनेना, बफर जेमतेम अर्धी बाटली उरलेला. उंदीर तर तयार होते. मी काटकसर केली आणि नेहमीच्या चौथाई बफरमध्ये वाटलं. रिसेप्टर तळाशी सापडला, केंद्रकात, हार्मोन दिलेलाच नसताना. आधी वाटलं आपणच काहीतरी शेण खाल्लं. पाणी आल्यावर चार वेळा केलं. बफर वाढवला की रिसेप्टर वर येई, कमी केला की आतच राही. म्हणजे तो मुळात बाहेर राहतच नव्हता. वाटताना आम्हीच त्याला पाण्यात ओढून काढत होतो. त्या शुक्रवारी मी घरी गेले ती जवळजवळ नाचतच. आईला म्हटलं, माझी पीएच.डी. झाली समज.

शनिवारच्या बैठकीत सरांनी माझे आकडे दोनदा वाचले. चष्मा पुसला. मग सगळ्यांसमोर, त्याच मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं कुठे जमत नाही म्हणून रिसेप्टरला आधीच सासरी धाडलंत का?" सगळे हसले. मीसुद्धा हसले, ते जास्त लागलं. पुढच्या आठवड्यात त्यांचं विद्यापीठाला पत्र गेलं, काम विश्वासार्ह नाही, नोंदणी रद्द करावी. चार वर्षं पाण्यात. कंपनीने मला खोकल्याच्या औषधाच्या तपासणीवर पाठवलं आणि तिथेच मी राहिले.

दोन-तीन वर्षांत परदेशातून निबंध यायला लागले. पेशी न फोडता, पातळ कापावर रंग चढवून लोकांनी दाखवलं होतं की रिसेप्टर पहिल्यापासून केंद्रकातच असतो. त्यातल्या एकाची झेरॉक्स मी किती वर्षं कपाटात ठेवली होती. सर निवृत्त होऊन कुळगावात राहायला गेले होते. नव्वदनंतर कधीतरी धीर करून त्यांच्याकडे गेले. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, खूप वाळले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी हातही लावला नाही.

"वाचलाय. आला तेव्हाच वाचला." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या बैठकीनंतरच्या रविवारी मी एकटा प्रयोगशाळेत गेलो होतो, बाई. तुमच्याच पद्धतीने, कमी बफरमध्ये. दोनदा केलं. तुमचेच आकडे आले."

"मग ते पत्र?"

"पत्र सोमवारी लिहिलं," सर म्हणाले. "माझी सतरा वर्षं होती. तुमची चारच."

मी कागद परत पिशवीत ठेवला. नमस्कार करून निघाले. आता जे सांगते त्याची मला अजून लाज वाटते. स्टेशनपर्यंतच्या सगळ्या वाटेत मला राग आलाच नाही. मी आनंदात होते. सरांनी स्वतः वाटलं होतं, म्हणजे माझे आकडे बरोबर होते, शंकाच नको. फलाटावरच्या बाकावर बसले तेव्हा कुठे रडू फुटलं, आणि मग दोन गाड्या गेल्या तरी मला उठता येईना.