तिच्या रोपांना पाणी

माझी बायको इथलीच, जर्मन. फ्रँकफर्टपासून तासाभरावर तिच्या बापाची द्राक्षबाग होती, डोंगराच्या उतारावर. मी जतकडचा, चौथीपर्यंत शिकलेला. जहाजावर भांडी घासत आलो, फ्रँकफर्टच्या एका हॉटेलात चिकटलो, आणि लग्न करून तिच्या बागेत आलो. म्हणजे घरजावई. तिला मराठी शिकवताना हा शब्दही मीच शिकवला आणि पस्तावलो.

आमचा उतार कोरडा. पश्चिमेचा डोंगर ढग अडवतो. पलीकडं पाऊस, अलीकडं फुफाटा. वर थंडी हाडं फोडणारी. गावाकडचा दुष्काळ निदान उबदार तरी आहे. तिथं टँकर आणून बागा जगवताना मी बघितलेलं, त्यामुळं पाण्यावाचून वेल उभी राहते हे मला पटायचंच नाही. उन्हाळ्यात झारी उचलली की ती मागून ओरडायची, "अहो! ठेवा ती खाली. वरचेवर पाणी मिळालं की वेल घरजावई होते. मुळं खाली जायचं नाव घेत नाहीत."

"म्हणजे मी नुसता बसून खातो?"

"नाही हो. तुम्ही झोपूनही खाता."

जन्मभर हेच चाललं. ती सांगायची, मी हसण्यावारी न्यायचो.

गेल्याच्या गेल्या वसंतात तिनं वरच्या बांधाशी नव्या वेलींची एक ओळ लावली. मी खड्डे काढले, तिनं रोपं बसवली. दर रोपानंतर दम घ्यायला थांबायची. त्याच वर्षी पानगळीच्या आधी ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस आलाच नाही. जुन्या वेली आपल्या आपण तगल्या. पण ती ओळ तिच्या हातची शेवटची. मरू द्यायची कशी? रोज संध्याकाळी झारी भरायचो. सप्टेंबरात घातलं, ऑक्टोबरातही घातलं. सगळी बाग पिवळी पडली तरी तिची ओळ हिरवीगार. मला फार बरं वाटायचं. आमची लेक सुट्टीला आली होती. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनच. म्हणाली, "पापा, आता पुरे." शेजारचा म्हातारा बागवाला बांधावर थांबला आणि म्हणाला, "अजून हिरवी?"

"या, गेनाऊ!" मी म्हणालो, म्हणजे हो, अगदी! मिरवलंच म्हणा ना.

थंडीच्या आधी वेलीला थोडी तहान लागावी लागते. मग तिची वाढ थांबते, काडी पिकून तपकिरी होते, आणि पिकलेली काडीच बर्फ सोसते. बायकोनं हे मला शंभरदा सांगितलं असेल. पण आमच्याकडं बाग मरते ती पाण्यावाचून, थंडीनं मेलेली मी कधी बघितली नव्हती. त्यामुळं डोक्यात बसलं नाही. त्या नोव्हेंबरात हिरव्या काडीवरच कडक थंडी पडली.

वसंतात छाटणीला गेलो. पहिली काडी कापली, आत काळी. दुसरी तशीच. खोडाची साल नखानं खरवडली, तिथंही ओल नाही. सगळी ओळ गेली होती. खालच्या बाजूला जुन्या वेलींचे डोळे फुगायला लागले होते. तिथंच बांधावर बसून राहिलो. ती होती तेव्हा एकदा तरी नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

रविवारी लेक आली. तिला काड्या दाखवल्या. तिनं एक मोडून आत बघितलं. मग चक्क मराठीत म्हणाली, "अहो, घरजावई केलंत त्यांना." हुबेहूब आईचा सूर. मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. परत जर्मनवर आली. "पुन्हा लावू या का?"

"लाव. पाणी मात्र तू घालायचं."

"मी तर फ्रँकफर्टला असते, पापा."

"म्हणून तर."

झारी अजून दारातच आहे. संध्याकाळ झाली की हात तिकडं जातो. उचलतो आणि जरा थांबतो. मागून कुणी ओरडत नाही.