अकराची तीन घरं

लकवा मारला तेव्हापासून माझ्या तोंडात एकच शब्द उरला होता: 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, भाजी खारट झाली तरी बरं. शेजाऱ्यानं आमच्या फाटकासमोर गाडी लावली, मला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा होता, तोंडातून निघालं बरं. देवरीकडच्या शाळेत मी जन्मभर खेळाचा मास्तर होतो. मैदानाच्या त्या टोकाला पळणारी पोरगी माझ्या एका हाकेनं थांबायची. आणि आता कुडवा गावातल्या घरात खुर्चीत बसून अख्ख्या जगाला होकार देत होतो. संतापानं जीव जायचा नुसता.

डॉक्टरांनी बायकोला सांगितलं होतं, "शब्द गेले असतील तर हळूहळू येतील. समजच गेली असेल तर मात्र कठीण. घरी नीट लक्ष ठेवा." नागपूरच्या मुलानं लगेच निकाल लावून टाकला. समज गेली असेल तर इथलं घर बंद करायचं आणि आम्हा दोघांना नागपूरला न्यायचं. आईचा अंदाज काय ते विचारायला तो रविवारी संध्याकाळी फोन करणार होता. ही सगळी बोलणी माझ्या देखत झाली. मी म्हणजे जणू कोपऱ्यातली धान्य मोजायची पायली.

रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर बायकोनं पेटीतून पुठ्ठ्याची अक्षरं काढली. ती अंगणवाडीत शिकवायची, अक्षरं तिथलीच. दवाखान्यातून मिळालेला गाय-घर-झाडाच्या चित्रांचा कागद मी दोनदा भिरकावला होता. म्हणून तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखून शब्दकोडं केलं होतं, तेही बेसबॉलचं. शाळेत मी पोरींना बेसबॉल शिकवायचो, बॅटी गावच्या सुताराकडून घडवून घ्यायचो. ती कधीमधी झाडाखाली बसून सामना पाहायची. या खेळाची तिची माहिती तेवढीच.

"चेंडू फेकते ते कोण जी? तीन घरं."

माझा उजवा हात मेलेला. डाव्या हातानं मी 'पि' उचलला, मग 'च', मग 'र'. घामानं पाठ भिजली, पण पिचर बसला. बॅटही बसली. हातमोजाचा 'मो' सापडायला फार वेळ लागला, तोही बसला. तिचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, जमतंय गड्या.

"आता शेवटचं. एका बाजूनं मैदानात किती पोरी खेळतेत? तीन घरं."

पुढ्यात तीनच अक्षरं उरली होती. अ, क, रा.

अवो बाई! हे क्रिकेट आहे का? टीव्हीवर रात्रंदिवस क्रिकेट पाहून हिनं माझ्या पोरींत दोन जणी वाढवल्या होत्या. मी नाही अशी मान हलवली आणि म्हणालो, "बरं."

"बरं ना? मंग ठेवा."

मी अक्षरं बाजूला सारली. तिनं परत समोर ठेवली. मी 'अ' उचलून अंगणात फेकला. ती उठून घेऊन आली, पदरानं पुसला. मी बोटं दाखवली. डाव्या हाताची पाच वर झाली, उजव्याची चार काही केल्या उठेनात.

"पाच? पाच नाई जी," ती म्हणाली.

मग ती हळू आवाजात बोलू लागली. "अकरा म्हणा. अ... क... रा." जन्मात माझ्याशी अशी गोड बोलली नव्हती ही बाई. अंगणवाडीतल्या सगळ्यात मंद पोराशी बोलायची तो हा आवाज. तिचे डोळे भरले आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला लागली. फोनवर ही काय सांगणार ते मला दिसलं. हिच्या चुकीपायी मी वेडा ठरणार होतो!

मी डाव्या मुठीनं टेबल बडवलं. अक्षरं उडाली. घशात काहीतरी अडकलं, खरवडलं, आणि बाहेर आलं.

"नऊ!"

ती दचकली. मीही दचकलो.

"नऊ! नऊ! नऊ!" मला थांबताच येईना.

"नऊ तं नऊ! बोंबलून काऊन राहिले?" ती ओरडली आणि तोंडावर पदर दाबून रडायला लागली. हा तिचा खरा आवाज होता. मला हसू आलं, अर्ध्याच तोंडानं.

फोन आला तेव्हा तिनं मुलाला सांगितलं, "कुठं नाई येत आमी. समज चांगली आहे यांची. माह्याशी भांडून राहिले." फोन ठेवला, अक्षरं गोळा केली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आता माहं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. नाव समोर होतं, अगदी चेहऱ्यासकट, पण जिभेवर येईना. आमच्यात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नातल्या उखाण्यानंतर ते माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. आजवर नुसतं 'अवो'वर भागवलं. मी पुन्हा प्रयत्न केला. तिनं बराच वेळ वाट पाहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "धडधाकट होते तवा तरी कवा घेतलं?"