मागच्या सीटवर आबा

जमीन विकल्यावर आबांनी गाडी घेतली ती थेट मंत्र्यासंत्र्यांच्या तोडीची. कळ दाबली की मागची सीट पलंगासारखी रेलते, पाठ चेपून मिळते, बसल्या जागी गार वारा लागतो, खिडकीचा पडदा आपोआप वर चढतो. हे सगळं सुख भावकीच्या नवरदेवांसाठी. आमच्या भरे गावात कुणाचंही लग्न निघालं की गाडी आमची, आणि आबांना, माझ्या वडिलांना, कुणाला नाही म्हणणं कधी जमलं नाही. शेत गेल्यावर त्यांच्याकडे मागायला यावं असं दुसरं उरलं होतं तरी काय? स्वतः मात्र, "अंगाला गोठ्याचा वास मारतोय," म्हणत पुढं अवघडून बसायचे. मागच्या सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिकसुद्धा त्यांनी काढू दिलं नव्हतं. माझा या गाडीवर पहिल्यापासून राग.

त्या दिवशी चुलत्यांच्या धाकट्याचं लग्न होतं. गाडी सकाळीच अंगणात नटून उभी. फुलवाल्यानं झेंडूच्या माळा दारं-खिडक्यांवरून चिकटपट्टीनं डकवल्या आणि आत अत्तराचा फवारा मारला. सगळं नीट झालंय का बघायला आबांनी आत डोकं घातलं आणि तिथंच त्यांना धाप लागली. दमा जुनाच, पण आज पंप ओढूनही श्वास आत जाईना. ओठ निळे पडायला लागले. रुग्णवाहिकेवाला म्हणाला, ट्रॅफिकमध्ये आहे, वेळ लागेल. मग मी आणि आईनं त्यांना उचलून मागच्या सीटवर घातलं आणि मी गाडी काढली. ज्या वासानं धाप लागली, त्याच वासात त्यांना कोंडून नेत होते. दुसरी गाडी कुठून आणणार?

हॉस्पिटल हिंजवडीत. तिथंच मी नोकरी करते, त्यामुळं तो रस्ता रोजचा. माण गावाच्या पुढं कंपन्यांच्या कॅबमागं अडकलो. या गाडीत बाहेरचा आवाज येत नाही म्हणून विकणाऱ्यानं केवढं कौतुक केलं होतं. खरंच, एक हॉर्न आत येत नव्हता. आबांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

एसी वाढवायला मी समोरच्या स्क्रीनवर कुठंतरी बोट दाबलं, तर पाठ चेपायचं सुरू झालं.

"पाठीत कोण ढोसतंय?" आबा कसेबसे म्हणाले. ते प्लॅस्टिकवरून सारखे खाली घसरत होते. आई एका हातानं त्यांना धरून दुसऱ्या हाताच्या नखांनी ते प्लॅस्टिक फाडत होती.

"काच खाली घे गं," ती म्हणाली. काच उतरली, पण बाहेरून चिकटपट्टी आणि माळांची जाळी. शेजारी मोटारसायकलवाला थांबला होता. हसत म्हणाला, "नवरदेवाला लई घाई झालीया जणू."

मी खाली उतरले आणि भर रस्त्यात माळा ओरबाडायला लागले. रडत होते, शिव्या देत होते. मागची पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. शेवटी त्या मोटारसायकलवाल्यानं आत वाकून पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. तो पुढं झाला, एकेका कॅबवाल्याची काच वाजवत गेला. तेवढी वाट मिळाली म्हणून आम्ही पोचलो.

ऑक्सिजन लागला. ओठांचा रंग हळूहळू परतला. अजून तासभर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई खाटेच्या उशाशी उभी होती.

तेवढ्यात नवरदेवाचा थोरला भाऊ आला, फेटा बांधलेला. बराच वेळ चुळबुळत उभा राहिला. वाईट नाही तो. "आबा, आता जरा बरं हाय न्हवं?" म्हणाला, आणि मग माझ्याकडं वळून हळूच, "ताई, तितं समदी खोळंबल्यात. गाडीची चावी..."

मी काही बोलायच्या आत आबांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"दे त्याला," ते म्हणाले. दम खाऊन पुन्हा म्हणाले, "आन् फुलं... नवी घालून..."

आईनं मास्क परत त्यांच्या तोंडावर बसवला. आबांनी तो काढायला हात वर नेला, तर तिनं दोन्ही तळव्यांनी तो दाबून धरला आणि त्या फेटेवाल्याकडं न बघताच म्हणाली, "तू जा आता. ह्यांनी काय बी सांगितलेलं न्हाई."