उजवीकडून

हे ऐकणारे तुम्ही पहिलेच. भाऊ होता तोवर सांगण्याची सोय नव्हती, आणि तो गेल्यावर — सांगायचं कुणाला? म्हणून लिहिते आहे, सावकाश.

रेवदंड्यात मी एक गट चालवत असे. ज्यांच्या घरात कुणी दारूच्या आहारी गेलं आहे, अशा बायकांचा. गुरुवारी दुपारी, मासळीचं काम आटोपलं की त्या गोल करून बसायच्या. जाळं पाण्यावर तरंगतं ठेवणारा एक जुना बोया हातोहात फिरायचा. तो जिच्या हातात, तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मी सुरुवात करून द्यायची आणि तास भरला की थांबवायचं. माझं काम एवढंच — आणि तेच मी बिघडवलं.

सुगंधा दाराशी, माझ्या डाव्या हाताला बसायची. सुकी मासळी विकणारी, माहेरी परतलेली, धाकट्या भावाला सांभाळणारी. पहिल्यांदा बोया हातात आला तेव्हा बराच वेळ त्याचा दोर चाचपत राहिली. मग म्हणाली, "तो मेला तं सुटेन, असा वाटतं मना. आन् मंग त्यालाच ताटान गरम जेवान वारते."

कुणी दचकलं नाही. मी दचकले. आदल्या संध्याकाळी अलिबागच्या घरात, माझ्या धाकट्या भावाचे ओले कपडे बदलताना, हेच माझ्या मनात आलं होतं. माझ्याही घरात दारू आहे हे गटात कुणाला ठाऊक नव्हतं. संस्थेच्या ऑफिसात नव्हतं. शेजाऱ्यांना — असावं.

पुढच्या गुरुवारी मी बोया डावीऐवजी उजवीकडे दिला. मुद्दाम? त्या दिवशी कदाचित नाही. त्यानंतर मात्र मुद्दाम. उजवीकडच्या बायकांना मी प्रश्न विचारायची, बोलतं ठेवायची, आणि बोया सुगंधाकडे पोचेपर्यंत तास संपत आलेला असायचा. "पुढच्या वेळी," मी म्हणायची. किती मऊ आवाजात म्हणायची.

फरीदाआपा गटातल्या थट्टेखोर. त्या एकदा म्हणाल्या, "बाई, खाडीचं पानी पन दोन्ही अंगाला जातं. तुमचा बोया एकाच अंगाला का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. "नियम आहे, आपा. उजवीकडूनच द्यायचा असतो."

असा नियम कुठेही नाही. मी तो त्या क्षणी केला.

सुगंधानं तो ऐकला. पुढच्या गुरुवारी ती लवकर आली आणि माझ्या उजव्या हाताला बसली, पदराखाली हात घट्ट धरून. तिला काहीतरी सांगायचं होतं — नाहीतर नेहमीची जागा सोडून कोण असं येऊन बसतं? मी पाहिलं. इथं वारा येत नाही, असं काहीसं पुटपुटले, माझी खुर्ची उचलली आणि तिच्या पलीकडे नेऊन ठेवली. आता ती पुन्हा माझ्या डावीकडे होती. शेवटची.

त्या दिवशी बोया तिच्यापर्यंत पोचलाच नाही. पुन्हा ती आली नाही. काय सांगणार होती? मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नव्हतं, म्हणून तर खुर्ची हलवली.

यंदा माझा भाऊ गेला. दारूनंच. लोक येतात, म्हणतात, किती केलंत त्याचं. सुगंधाही आली. दाराशीच बसली, त्याच्या फोटोकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या घरान पन होता?"

मी मानेनंच हो म्हटलं. बाकीचं सांगायची ती वेळ होती, आणि ती मी जाऊ दिली.

"माजा हाय अजून," ती म्हणाली, आणि उठली.

गट आता संस्थेतली एक नवी मुलगी चालवते. काम सोपवताना मी तिच्या हातात बोया दिला आणि सांगितलं — उजवीकडून. का, असं तिनं विचारलं नाही. अजून तो उजवीकडूनच फिरतो. तिच्या डाव्या हाताला कोण बसतं, मी विचारलेलं नाही.